हसविणाऱ्यांचा संसार



हसायला कोणाला आवडत नाही? शिमग्यात कोकणातल्या वाडीवर संकासुर आला की पोरे भिऊन घरात पळतात आणि दुसऱ्या क्षणी दाराआडून हसत बाहेर येतात. तमाशात गणानंतर गवळण सुरू झाली की लोक वाट पाहतात ती पेंद्याची आणि मावशीची. जुन्या संस्कृत नाटकात राजाच्या शेजारी विदूषक असे. राजाला जे कोणी बोलू धजत नसे, ते हा खुशाल बोलून जाई. म्हणजे हसविणारा माणूस आपल्याकडे काही नवा नाही. पण हा माणूस जगतो कसा, त्याला भाकरी कोण देते, त्याच्या कलेचे पुढे काय होते, हा विचार आपण फारसा करीत नाही. हसलो, टाळी दिली, घरी आलो. संपले. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते ह्याच माणसांविषयी. मराठी रंगभूमीवरून चित्रपटात, आणि चित्रपटातून दूरदर्शनच्या पडद्यावर गेलेल्या विनोदी नटांविषयी.

आधी एक जुनी जोडी घेऊ. चिं. वि. जोशी हे बडोद्याचे पाली भाषेचे प्राध्यापक. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही दोन माणसे कागदावर निर्माण केली. चिमणराव किडकिडीत, भित्रा, कारकुनी पेशाचा. गुंड्याभाऊ अंगापिंडाने दणकट आणि सोटा बाळगणारा. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ हा बोलपट काढला तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. दामुअण्णा मुळात नाटकातले नट. त्यांचा एक डोळा तिरळा होता. दुसऱ्या एखाद्या माणसाने हे व्यंग लपवून ठेवले असते, आरशासमोर उभे राहायला तो लाजला असता. दामुअण्णांनी त्याचेच भांडवल केले. लोक त्यांच्या डोळ्याला हसले हे खरे, पण दामुअण्णा स्वतः पुढे होऊन हसवीत होते, म्हणून ते हसणे बोचणारे नव्हते. हा फरक आपण लक्षात ठेवू. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

आता पाहा, हेच चिमणराव आणि गुंड्याभाऊ चाळीसएक वर्षांनी पुन्हा अवतरले, ते दूरदर्शनवर. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर काही वर्षांतच, सत्तरीच्या दशकात, दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. गावात तेव्हा दूरदर्शनचा संच एखाद्याच घरी असे. संध्याकाळी त्या घराच्या ओटीवर, अंगणात, खिडकीशी सारी आळी जमे. घरच्या माणसांना बसायला जागा उरत नसे. लेखक एक, पात्रे तीच. पण बोलपटातला चिमणराव पाहायला माणसे तिकीट काढून थेटरात गेली होती, आणि हा चिमणराव आपण होऊन माणसांच्या घरी आला होता. नटाच्या आयुष्यात ह्यामुळे केवढा बदल झाला, ते पुढे सांगतो.

त्याआधी पोटापाण्याची गोष्ट. विनोदी नटांची चरित्रे वाचू लागलो की एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. बहुतेकांनी दुसरीच कुठली तरी नोकरी करीत करीत हा मार्ग धरला. राजा गोसावी हे सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे. पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात ते तिकिटे विकीत. १९५२ साली राजा परांजप्यांचा ‘लाखाची गोष्ट’ आला. त्यात राजाभाऊ नायक होते. सांगतात असे की, पडद्यावर नायक म्हणून ते झळकत होते तेव्हा खाली खिडकीत त्याच चित्रपटाची तिकिटेही तेच फाडून देत होते! आपल्याला ऐकताना गंमत वाटते. पण त्यात एका गृहस्थाची सावध बुद्धीही आहे. चित्रपट आज आहे, उद्या नाही. खिडकीवरची नोकरी महिन्याला पगार देते.

अशोक सराफ ह्यांचेही तसेच. जन्म १९४७ चा. मामा गोपीनाथ सावकार नाटकातले, त्यामुळे रंगभूमीची ओढ लहानपणापासूनची. पण नोकरी स्टेट बँकेतली, आणि तीही थोडेथोडकी नव्हे, सुमारे दहा वर्षे. दिवसा खातेवह्या आणि रात्री तोंडाला रंग. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते. नाटकाच्या आवारातच त्यांची उमेदवारी झाली. दादा कोंडके मुंबईच्या नायगावात, गिरणगावातल्या चाळीत वाढले. गोकुळाष्टमीचा जन्म, म्हणून नाव कृष्णा. त्यांनी अपना बाजारमध्ये नोकरी केली, बँडमध्ये वाजविले, सेवा दलाच्या कलापथकात कामे केली, आणि मग ते रंगभूमीवर आले.

हे आपल्याकडेच घडते असे मात्र नाही. फ्रान्समध्ये फेर्नांदेल नावाचा मोठा विनोदी नट होऊन गेला. तोसुद्धा आधी मार्सेय शहरात बँकेत कारकून होता. दुसरा एक बूर्व्हिल. हा खेड्यात वाढला, आणि ज्या खेड्यात वाढला त्याच्याच नावावरून त्याने आपले नाटकी नाव घेतले. खेडवळ, भाबडा, सगळ्यांनी फसवावा असा शेतकऱ्याचा पोर तो रंगवी. पॅरिसचे शहरी लोक त्याला हसत आणि हसता हसता त्याच्या बाजूचे होऊन जात. तिसरा लुई द फ्युनेस. ठेंगणा, टकला, सदा चिडलेला. रात्री हॉटेलांत पियानो वाजवून त्याने पोट भरले, वीसएक वर्षे चित्रपटांत बारीकसारीक कामे केली. १९६४ साली, पन्नाशीला, एका पोलीस जमादाराची भूमिका मिळाली आणि त्याचे नशीब उघडले. दोनच वर्षांनी तो आणि बूर्व्हिल एका युद्धकालीन विनोदी चित्रपटात जोडीने आले. फ्रान्समध्ये त्या चित्रपटाची एक कोटी सत्तर लाखांवर तिकिटे खपली. दशकानुदशके तो उच्चांक कोणत्याही फ्रेंच चित्रपटाला मोडता आला नाही.

जमादाराची गोष्ट निघाली, तेव्हा आपला ‘पांडू हवालदार’ आठवणारच. सरकारी गणवेश आणि त्याच्या आत साधा घाबरट माणूस, ह्याला जगभर लोक हसतात. कारण गणवेशाची भीती सगळीकडे सारखीच.

दादा कोंडक्यांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. १९६५ साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य रंगमंचावर आले. त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. सबनीसांनी लिहिलेला वग होता, पण दादा रोजच्या वर्तमानपत्रातली बातमी त्यात घुसवीत. कालचा प्रयोग आणि आजचा प्रयोग एकसारखा नसे. हीच तर सोंगाड्याची खरी विद्या. समोर बसलेला माणूस कोण आहे, तो कशाने गांजला आहे, हे ओळखायचे आणि त्याच्या मनातले त्याच्या आधी बोलून टाकायचे. १९६९ साली भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’त त्यांना पडद्यावर आणले. १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला. त्यातला नाम्या भोळा, आईच्या धाकातला, तमाशाच्या फडाने खुळावलेला. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’. एकामागून एक नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. यात्रेतल्या तंबूत, उघड्या माळावर, शेतमजुरी करणाऱ्या माणसाने पदरचे पैसे मोडून हे चित्रपट पाहिले. हाफ पँटीची लोंबती नाडी बांधणारा नायक त्याला आपला वाटला.

दादांच्या द्वयर्थी बोलण्यावर मात्र पुष्कळ टीका झाली. सेन्सॉरशीही त्यांच्या कटकटी झाल्या. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावे असे त्यातले काही नाही, असे म्हणणारे शिक्षक मला ठाऊक आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण तमाशातल्या गवळणीतही सवाल-जबाब असेच असत, आणि ज्यांची करमणूक त्याने होई त्यांना दुसरी करमणूक आपण दिलीच कुठे होती? दादांना दोष देताना एवढे आपल्याकडेही पाहिलेले बरे. १९९८ साली दादा गेले. त्याच वर्षी राजा गोसावीही गेले.

‘पांडू हवालदार’ आला १९७५ साली. त्यात दुसरा हवालदार होता सखाराम, आणि तो झाले होते अशोक सराफ. तिथून त्यांना लोक ओळखू लागले. १९८५ साली महेश कोठाऱ्यांचा ‘धूमधडाका’ आला. त्याची मूळ कथा तामिळ चित्रपटातली, मग हिंदीत आलेली, आणि तिथून मराठीत. परंतु ती इतकी आपली झाली की कोणाला परकी वाटली नाही. त्यात शरद तळवलकर होते, अशोक सराफ होते, लक्ष्मीकांत बेर्डे होते. म्हणजे विनोदाच्या दोन पिढ्या एका चित्रपटात. १९८८ साली सचिन पिळगावकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आला. भाड्याची खोली मिळत नाही म्हणून चार तरुण जी लटपट करतात, तिची ही गोष्ट. आजही तो लागला की लोक पुढचे वाक्य आधी म्हणतात. घराची अडचण सोसलेल्या माणसाला त्यात नुसती गंमत दिसत नाही, आपली गोष्टही दिसते.

आमची दहिवली उल्हास नदीकाठी, कर्जत स्टेशनाला लागून. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडतात. पुढच्या डब्यातल्या उतारूला त्याचा पत्ताही नसतो. तो वडा खातो, चहा पितो, आणि गाडी आपल्या पुढच्या इंजिनाने घाट चढली असे समजतो. लोणावळ्याच्या अंगाला गेले की मागची इंजिने सोडून देतात. चित्रपटात विनोदी नटाचे फार काळ असेच होते. नायक-नायिकेची गाडी अडली की मागून रेटा द्यायचा आणि घाट संपला की सुटे व्हायचे. जाहिरातीच्या फलकावर त्याचे नाव खाली, कोपऱ्यात. दादा कोंडके, राजा गोसावी, अशोक सराफ, लक्ष्मीकांत ह्यांचे मोठेपण ह्यात आहे की त्यांनी हे इंजिन पुढे आणून जोडले. विनोदी नट हाच नायक, ह्यावर मराठी चित्रपट कित्येक वर्षे चालला.

पण ह्या यशाला एक काटा असतो. लोक एकदा हसले की नटाकडून दुसरे काही घ्यायला तयार होत नाहीत. लक्ष्मीकांत बेर्ड्यांची गोष्ट ह्या दृष्टीने मनाला लागते. ‘टुरटुर’ नाटकाने त्यांचे नाव झाले, ‘धूमधडाका’ने ते घरोघर गेले, ‘मैंने प्यार किया’ने १९८९ साली हिंदीतही त्यांना ओळख मिळाली. १९९२ साली डॉ. जब्बार पटेलांनी ‘एक होता विदूषक’ हा चित्रपट काढला. लेखन पु. ल. देशपांड्यांचे. तमाशाच्या फडात जन्मलेला एक सोंगाड्या चित्रपटाचा नट होतो, मोठा होतो, राजकारणी लोक त्याचा वापर करून घेतात, आणि हसविता हसविता त्याचे स्वतःचे हसू हरवते, अशी ती कथा. लक्ष्मीकांतांनी त्यात जीव ओतला. राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. पण लोकांनी गर्दी केली नाही. त्यांना नेहमीचा ‘लक्ष्या’ हवा होता. पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’ आला, बाहुल्याबरोबरचा, आणि त्याला मात्र लोक धावले. २००४ च्या डिसेंबरात लक्ष्मीकांत गेले. वय अवघे पन्नास. एवढ्या मोठ्या नटाकडून आपण एकच एक मागत राहिलो, ही आपली, प्रेक्षकांची, चूक आहे. दुकानदार तोच माल ठेवतो जो गिऱ्हाईक उचलते.

दिलीप प्रभावळकर मात्र ह्या पिंजऱ्यात सापडले नाहीत. चिमणराव म्हणून लोकप्रिय झाल्यावर त्यांना आयुष्यभर चिमणरावच करता आला असता. त्यांनी ‘हसवाफसवी’ नाटकात एकट्याने सहा निरनिराळी माणसे उभी केली. १९९१ च्या ‘चौकट राजा’त बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू केला आणि ज्यांना त्यांनी हसविले होते त्यांच्याच डोळ्यांत पाणी आणले. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू हा गुन्हेगारही तेच. पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’त ते महात्मा गांधी झाले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चिमणराव, तात्या विंचू आणि महात्माजी, एकाच माणसाचे हे तीन चेहरे! वेळोवेळी नवे काम अंगावर घेतले आणि लोकांची नाराजी सोसायची तयारी ठेवली, म्हणून हे झाले.

स्त्रियांची नावे ह्या यादीत कमी पडतात, हेही सांगितले पाहिजे. बाईने हसवावे हे आपल्या समाजाला लवकर रुचले नाही. मावशीचे कामसुद्धा पुरुष करीत. तरीही शुभा खोट्यांसारखी मुलगी १९५५ साली ‘सीमा’ चित्रपटात आली. ही सायकलच्या आणि पोहण्याच्या शर्यती जिंकलेली मुलगी. मेहमूदबरोबर तिची जोडी हिंदीत गाजली, आणि वयाने मोठी झाल्यावर तिने दूरदर्शनवरही लोकांना हसविले. निर्मिती सावंतांची गंगूबाई खेडवळ बोलीत बोलते आणि शहरी शहाण्यांना निरुत्तर करते. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये श्रेया बुगडेने पुरुष नटांच्या बरोबरीने हशा वसूल केला. वाट उशिरा सापडली, पण सापडली.

आता दूरदर्शनचे देणे-घेणे. दादांनी एका वगाचे दीड हजार प्रयोग केले. एकच विनोद त्यांनी दीड हजार वेळा घासून-पुसून लखलखीत केला. दूरदर्शनवर तसे होत नाही. विनोद एकदा दाखविला की एका रात्रीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. दुसऱ्या दिवशी तो शिळा. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली सुरू झाले, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ साली. आठवड्याला नवी प्रहसने, नवी सोंगे. भाताच्या खाचरात दरवर्षी खत न घालता दोन-दोन पिके काढली तर जमिनीचे काय होईल? नटाच्या आणि लेखकाच्या डोक्याचे तसेच होते. घाई झाली की हाताशी असेल तो विनोद उचलला जातो: कोणाच्या जाडीवर, कोणाच्या काळ्या रंगावर, कोणाच्या तोतरेपणावर, पुरुषाने लुगडे नेसण्यावर. दामुअण्णा स्वतःच्या तिरळ्या डोळ्यावर हसवीत. इथे दुसऱ्याच्या डोळ्यावर हसविले जाते. मघाशी म्हटले होते तो फरक हाच.

पण दूरदर्शनने दिलेलेही पुष्कळ आहे. पहिले म्हणजे स्थैर्य. चित्रपट वर्षाला दोन मिळोत न मिळोत, मालिका महिन्यामागून महिने चालते. अशोक सराफांची ‘हम पांच’ १९९५ साली सुरू झाली आणि मराठी न समजणाऱ्या घरांतही ते पोहोचले. दुसरे म्हणजे वय. चित्रपटाला तरुण हवा असतो, मालिकेला आजोबाही चालतो. २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये प्रभावळकर आबा झाले, आणि त्या आबांना पाहून पुष्कळ घरांत आपल्या म्हाताऱ्याशी लोक चार शब्द अधिक बोलू लागले असतील. तिसरे म्हणजे बोली. संगमेश्वरी, मालवणी, वऱ्हाडी, आगरी ह्या बोली आता पडद्यावर मानाने ऐकू येतात. तालुक्याच्या एकांकिका स्पर्धेतून आलेला मुलगा आपल्या गावच्या बोलीत बोलतो आणि ती ऐकून कोणी नाक मुरडीत नाही. तशी ती ऐकून कोणी नाक मुरडू नये, म्हणजे झाले.

आणि रेडिओ विसरून कसे चालेल? आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी अजून पुष्कळांच्या कानात आहेत. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी ह्यांनी चेहरा न दाखविता, नुसत्या आवाजावर महाराष्ट्राला हसविले. आजच्या फ्रान्समधला मोठा नट ओमार सी हाही रेडिओवरूनच सुरू झाला, मग दूरचित्रवाणीवर छोटी छोटी विनोदी सोंगे करू लागला, आणि २०११ साली एका अपंग माणसाची देखभाल करणाऱ्या तरुणाच्या भूमिकेने जगभर पोहोचला. अपंगत्व समोर असूनही त्या चित्रपटात कोणी अपंगाला हसत नाही. दोघे मिळून हसतात. असा विनोद शिकवावा लागतो.

म्हणून शेवटी दोन शब्द माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना. प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा असतो. तो गुरुजींच्या चालण्याची नक्कल करतो, सरपंचांचा आवाज काढतो. आपण त्याला ‘माकडचेष्टा पुरे’ म्हणून खाली बसवतो. दरवर्षी स्नेहसंमेलन येते तेव्हा मात्र त्याच्याशिवाय आपले भागत नाही. मला वाटते, त्याला खाली बसविण्याऐवजी एक प्रश्न विचारावा: ‘अरे, तू कोणाला हसतो आहेस? जो तुझ्यापेक्षा दुबळा आहे त्याला, की जो तुझ्यापेक्षा मोठा आहे त्याला? आणि स्वतःवर हसता येते का तुला?’ एवढे त्याला कळले तर त्याच्या नकलेला वळण लागेल. त्यातला एखादा पुढे नट होईल, बाकीचे होणार नाहीत. पण दुसऱ्याच्या वर्मावर न हसणारी माणसे होतील, तेही काही थोडे नाही.

आणि त्याला हेही सांगावे, की शिक्षण सोडू नकोस, हाताशी एखादा व्यवसाय ठेव. कर्जत-चौक रस्त्यावर २००५ साली नितीन चंद्रकांत देसायांनी मोठा स्टुडिओ उभारला. आसपासच्या गावांतल्या मुलांना राजवाडे आणि किल्ले पुठ्ठ्या-प्लास्टरचे कसे उभे राहतात ते जवळून दिसले. पडद्यावरचा थाट आणि मागचा बांबू, दोन्ही. विनोदी नटाच्या आयुष्याचेही असेच आहे. राजा गोसाव्यांनी तिकिटाची खिडकी सोडली नाही, अशोक सराफांनी बँक सोडायची घाई केली नाही. अशोकरावांना २०२३ चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला आणि २०२५ साली पद्मश्री. म्हणजे पंचाहत्तरी उलटल्यावर. हसविणाऱ्याचा मान आपण असा उशिरा करतो. अनेकांच्या वाट्याला तोही येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा नट तुम्हांला पोट धरून हसवील, तेव्हा त्याचे नाव काय ते जरूर पाहा. आणि तोच नट उद्या एखाद्या गंभीर भूमिकेत आला, तर उठून जाऊ नका. दोन तास बसा. त्याने इतकी वर्षे आपले ऐकले. एकदा आपण त्याचे ऐकू.